विश्लेषण : पार्ट नवा, तरी गाडी सुरू होईना… ईसीएमच्या 'कोडिंग'ची किल्ली कोणाच्या हाती?

पावसाच्या पाण्यात अडकलेली गाडी गॅरेजमध्ये येते. पाणी काढले जाते, ऑइल बदलले जाते, सीट बाहेर काढून उन्हात ठेवल्या जातात. शेवटी मेकॅनिक सांगतो, 'इंजिन ठीक आहे, पण ईसीएम गेला.' इथपर्यंतचे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजला जमते. पुढचे अनेकदा जमत नाही. नवा ईसीएम आणून बसवला, सगळे कनेक्टर जोडले, तरी गाडी सुरू होत नाही. कारण आपण कोणत्या गाडीत बसलो आहोत, हे त्या डब्याला अजून कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याच्या कामाला प्रोग्रॅमिंग आणि कोडिंग म्हणतात. गाडी दुरुस्त कोण करू शकतो, किती पैशांत आणि कोणाच्या परवानगीने, हे आता पान्यापेक्षा या कामावर ठरू लागले आहे.

ईसीएम म्हणजे नेमके काय?

इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट हा एका कामाला वाहिलेला छोटा संगणक. कंपन्या त्याला ईसीयू म्हणतात, गॅरेजमध्ये 'ईसीएम' हाच शब्द रुळला आहे. इंजिनात किती इंधन कधी सोडायचे हे एक युनिट ठरवते, ब्रेकचे एबीएस दुसरे सांभाळते, एअरबॅग तिसरे, पॉवर स्टिअरिंग चौथे. दिवे, काचा, सेंट्रल लॉक यांचा कारभार 'बॉडी कंट्रोल मॉड्यूल'कडे असतो. स्पीडोमीटरचा पॅनेल हासुद्धा एक ईसीयूच. साध्या हॅचबॅकमध्ये अशी मूठभर युनिट असतात, महागड्या गाड्यांत ही संख्या ७०-८०च्या पुढे जाते.

ही सगळी मंडळी एकमेकांशी बोलतात ती 'कॅन बस' नावाच्या दोन पिळलेल्या तारांवरून. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. बाहेरून या संभाषणात शिरण्याचा दरवाजा म्हणजे स्टिअरिंगच्या खाली असलेला १६ पिनांचा ओबीडी सॉकेट. अमेरिकेत तो १९९६ पासून सक्तीचा झाला. भारतात ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, पुढे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचा पुढचा टप्पा आला. प्रत्येक टप्प्यावर गाडीतले सेन्सर वाढले, आणि सॉफ्टवेअरवरचे अवलंबित्वही.

प्रोग्रॅमिंग आणि कोडिंग एकच का?

नाही. बिलावर मात्र दोन्ही एकाच ओळीत येतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रोग्रॅमिंग म्हणजे युनिटच्या फ्लॅश मेमरीतले सॉफ्टवेअरच पुन्हा लिहिणे. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत ८०५१ मायक्रोकंट्रोलरमध्ये हेक्स फाइल 'बर्न' केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की इथे फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि चूक झाली तर परीक्षकाऐवजी ग्राहक समोर उभा असतो. गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून कोणती आवृत्ती लागू आहे हे ठरते, मग जुने पुसून नवे लिहिले जाते. युनिट आणि जोडणीनुसार याला काही मिनिटांपासून तासापर्यंत आणि कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

कोडिंगमध्ये सॉफ्टवेअर तेच राहते, फक्त पर्याय निवडले जातात. एकच एबीएस युनिट कंपनी अनेक मॉडेलांत वापरते. गाडीला टायर कोणत्या मापाचे, एअरबॅग दोन की सहा, स्टिअरिंग उजवीकडे की डावीकडे, गिअर मॅन्युअल की ऑटोमॅटिक, फॉग लॅम्प आहेत की नाहीत, हे त्याला सांगावे लागते. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत ही माहिती अंक-अक्षरांच्या लांबलचक ओळीत साठवलेली असते. बीएमडब्ल्यू कारखान्यातून निघताना गाडीत काय काय बसवले याची यादीच गाडीत ठेवते आणि त्या यादीवरून प्रत्येक युनिटचे कोडिंग होते. कोडिंग चुकले तर गाडी चालते, पण नसलेल्या एअरबॅगची तक्रार करत डॅशबोर्डवर दिवा पेटून राहतो. तो दिवा कायम पेटलेला असला, की खरा बिघाड झाल्यावर तो कळणारच नाही.

तिसरा प्रकार आहे तो 'शिकवण्या'चा. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय गाडीमालकाची गाठ बहुतेक वेळा यालाच पडते. डिझेल गाडीत नवा इंजेक्टर टाकला की त्याच्या अंगावरचा अक्षर-अंकी कोड ईसीएममध्ये भरावा लागतो. कारण एकाच साच्यातले दोन इंजेक्टरही तंतोतंत तेवढेच डिझेल सोडत नाहीत, तो किंचित फरक कोडमधून ईसीएमला कळतो. कोड न भरता गाडी सुरू होते खरी, पण थरथरते, धूर सोडते, ॲव्हरेज पडते आणि दोष नव्या इंजेक्टरवर जातो. एएमटी गाडीत क्लच प्लेट बदलली की क्लच नेमका कुठे पकडतो हे संगणकाला नव्याने शिकवावे लागते. व्हील अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग सेन्सरचा शून्य, थ्रॉटल बॉडी साफ केल्यानंतर तिची बंद स्थिती, ही याच जातीची कामे. यांतल्या बऱ्याच कामांना कंपनीच्या सर्व्हरची गरज नसते. चांगला स्कॅनर आणि तो वाचता येणारा माणूस पुरतो. सर्व्हिस सेंटरने यासाठी 'प्रोग्रॅमिंग'चे बिल लावले, तर विचारायला हरकत नाही.

पार्ट बदलला तरी गाडी का नाकारते?

याचे पहिले कारण इमोबिलायझर. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये बॅटरी नसलेली एक चिप असते. किल्ली फिरवली की इग्निशनभोवतीचे वेटोळे त्या चिपला जागे करते, चिप आपली ओळख सांगते आणि ती पटली तरच ईसीएम इंधन सोडतो. युरोपने १९९८ पासून नव्या गाड्यांत ही व्यवस्था सक्तीची केली. किल्ली, इमोबिलायझर आणि ईसीएम या तिघांकडे एक समान गुपित असते. नव्या ईसीएमला ते ठाऊक नसते, म्हणून एक तर इंजिन सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन क्षणात बंद पडते.

दुसरे कारण, ईसीयूच्या आत लिहिण्यावर असलेले कुलूप. आज बहुतेक गाड्या आयएसओ १४२२९ या मानकाची भाषा बोलतात. स्कॅनरने 'मला लिहायचे आहे' असे म्हटले की ईसीयू एक यादृच्छिक आकडा फेकतो. त्यावर गुप्त सूत्र लावून आलेले उत्तर स्कॅनरने द्यायचे. उत्तर बरोबर आले तर दार उघडते. चुकीची उत्तरे वारंवार दिली तर ईसीयू काही काळ ऐकणेच थांबवतो. वर्षानुवर्षे ही सूत्रे स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्येच दडलेली असत. त्यामुळे कंपनीचे उपकरण मिळवले किंवा कोणी सूत्र उकलले, की स्वतंत्र गॅरेजचेही काम होत असे.

आता बदल होत आहे तो इथे. नव्या गाड्यांत सॉकेट आणि कॅन बस यांच्यामध्ये 'सिक्युर गेटवे' नावाचा पहारेकरी बसवला जातो. गुप्त सूत्राच्या जागी कंपनीच्या सर्व्हरने त्याच वेळी दिलेली डिजिटल स्वाक्षरी लागते. फियाट-क्रायस्लरने २०१८च्या सुमारास हे सुरू केले, पाठोपाठ इतर आले. पूर्वी उपकरण विकत घेतले की ते तुमचे होते. आता प्रत्येक कामासाठी परवानगी मागावी लागते आणि ती नाकारता येते. कुलूप आधीही होते, फरक किल्ली कुठे राहते याचा आहे.

फ्लॅश करताना ईसीएम 'मरतो' कसा?

लिहिण्याचे काम अर्धवट तुटल्याने. जुने सॉफ्टवेअर पुसले गेले आहे, नवे अर्धेच उतरले आहे आणि त्याच क्षणी बॅटरी बसली किंवा केबल हलली, तर युनिट निर्जीव डबा होऊन बसते. इग्निशन चालू ठेवून तासभर चाललेल्या कामात हेडलाइट, पंखा, पंप हे सगळे बॅटरीवर असतात. म्हणून प्रोग्रॅमिंगच्या वेळी स्थिर विद्युतदाब देणारे खास उपकरण जोडावे लागते. साधा चार्जर चालत नाही, त्याच्या विजेतील चढउतार उलट त्रासदायक ठरतात. दुसऱ्या गाडीची बॅटरी केबलने जोडून फ्लॅश करणारे गॅरेज दिसले, तर गाडी तिथून परत आणलेली बरी.

असे युनिट नेहमीच कचऱ्यात जाते असे नाही. मूळ 'बूटलोडर' शाबूत असेल तर पुन्हा प्रयत्न करता येतो. तोही गेला असेल तर युनिट उघडून थेट चिपच्या पिनांना तारा जोडून लिहावे लागते. पुण्या-मुंबईत हे काम करणारे इलेक्ट्रॉनिक्सचे कारागीर आहेत. त्यांच्या टेबलावर सोल्डरिंग गन, मायक्रोस्कोप आणि लॅपटॉप असतो आणि गॅरेजवालेच त्यांचे गिऱ्हाईक असतात.

कुर्ल्याचा उपाय किती भरवशाचा?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी या जुन्या सुट्या भागांच्या बाजारपेठा. मोडीत निघालेल्या गाडीचा ईसीएम इथे नव्याच्या किमतीच्या काही अंशात मिळतो. तो तसाच बसवला तर इमोबिलायझर नाकारतो. म्हणून कारागीर 'क्लोनिंग' करतात. जुन्या, बिघडलेल्या युनिटच्या मेमरीतली सगळी माहिती, म्हणजे सॉफ्टवेअर, कोडिंग, चॅसिस क्रमांक, किल्लीचे गुपित, वाचून घ्यायची आणि जशीच्या तशी कुर्ल्याहून आणलेल्या युनिटमध्ये उतरवायची. गाडीला युनिट बदलल्याचा पत्ताही लागत नाही आणि सर्व्हरची गरज पडत नाही.

हार्डवेअरचा क्रमांक तंतोतंत जुळला आणि जुन्याची मेमरी वाचता आली, तर ही दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. इंजिनच्या ईसीएमबाबत ती सर्रास होते. एअरबॅगच्या युनिटबाबत मात्र हा मार्ग धोक्याचा. अपघातानंतर त्या युनिटमध्ये अपघाताची नोंद कायमची साठते. ती पुसून तेच युनिट पुन्हा वापरणारे आहेत. दिवा विझतो, पण धक्का खाल्लेले ते युनिट पुढच्या अपघातात वेळेवर काम करेल का, याची हमी कोणी देत नाही. या एका भागात पैसे वाचवण्याच्या फंदात पडू नये.

कंपन्यांचे म्हणणे कितपत खरे?

कंपन्या तीन कारणे देतात : चोरी, प्रदूषण आणि सायबर सुरक्षा. तिन्ही निराधार नाहीत. किल्ली प्रोग्रॅम करण्याची सोय सगळ्यांना खुली असेल, तर ती चोरालाही खुली असते. मेमरीत लिहिता आले की ओडोमीटर मागे नेता येतो आणि जुन्या गाडीचा गिऱ्हाईक फसतो. जास्त ताकदीसाठी इंजिनचे 'रिमॅपिंग' करताना प्रदूषण नियंत्रणाचे घटक बंद केले जातात. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकते.

पण सॉफ्टवेअर बंद कुलपात असले म्हणजे ते प्रामाणिक असते, असे नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करत होत्या. ती लबाडी ईसीएमच्या सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेली होती आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ती उघड केली. भारतात त्यानंतर ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली आणि दुरुस्ती म्हणून मुख्यतः सॉफ्टवेअरच बदलायचे होते. पुण्यातील 'एआरएआय' या संस्थेने या गाड्यांची तपासणी केली होती. कुलपाची किल्ली एकट्या कंपनीकडे असण्याचा हा दुसरा धोका, ज्याचा उल्लेख कंपन्यांच्या निवेदनांत येत नाही.

सायबर सुरक्षेचा मुद्दा मात्र वाढत जाणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील १५५ आणि १५६ क्रमांकाचे नियम, म्हणजे वाहनांची सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची पद्धत, युरोपमध्ये जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. भारतात त्याच धर्तीवर एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानके तयार करण्यात आली आहेत. त्यांचा हेतू योग्य आहे. प्रश्न आहे तो त्यांच्या आडून दुरुस्तीचा दरवाजा किती बंद केला जातो याचा.

इतर देशांनी तोडगा कसा काढला?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर केला. प्रत्येक राज्यात वेगळा कायदा नको म्हणून कंपन्यांनी जानेवारी २०१४ मध्ये देशभरासाठी करार केला : अधिकृत डीलरला जी माहिती व सॉफ्टवेअर मिळते, ते वाजवी दरात स्वतंत्र गॅरेजलाही द्यायचे. तिथे गॅरेजवाला एक प्रमाणित इंटरफेस विकत घेतो, कंपनीच्या संकेतस्थळावर एक-दोन दिवसांचे सदस्यत्व घेतो, गाडी प्रोग्रॅम करतो आणि मोकळा होतो. पुढे गाड्या थेट इंटरनेटवरून कंपनीशी बोलू लागल्या. त्या माहितीवरही हक्क मागणारा कौल याच राज्याने २०२० मध्ये दिला आणि त्यावर कंपन्या कोर्टात गेल्या.

युरोपने चोरीच्या आक्षेपावरही उत्तर शोधले. किल्ली आणि इमोबिलायझरसारख्या कामांसाठी तंत्रज्ञाची पार्श्वभूमी तपासून त्याला प्रमाणपत्र द्यायचे, कोणत्या गाडीवर कोणी काम केले याची नोंद ठेवायची. बाकीचे दार मात्र उघडेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने फियाट-क्रायस्लरच्या गेटवेबाबत निकाल दिला, की कायद्यात नसलेल्या अटी, उदाहरणार्थ आधी नोंदणी करा किंवा सर्व्हरशी जोडा, ओबीडी सॉकेटवर लादता येणार नाहीत.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे हा विषय एका ग्राहकाच्या तक्रारीवरून २०११ मध्येच भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला. सुरुवातीला होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरोधात असलेली चौकशी पुढे बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांपर्यंत पोहोचली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, हा आरोपाचा एक भाग होता. दुसरा भाग नेमका आपल्या विषयाचा : निदानाची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोहोचू दिली जात नाही. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. त्यानंतर प्रकरण अपिले आणि याचिकांच्या वाटेने गेले. दंडाच्या रकमेवर वकिलांनी जितका वेळ घालवला, तितक्या वेळात गाड्यांच्या दोन पिढ्या बदलल्या.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू झाले. तिथे कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळते. पण माहितीपत्रक मिळणे वेगळे आणि सर्व्हरने स्वाक्षरी देणे वेगळे. अमेरिका-युरोपसारखा, प्रोग्रॅमिंगची सोय ठरलेल्या दरात स्वतंत्र गॅरेजला द्यायला भाग पाडणारा कायदा भारतात नाही. गंमत अशी की जगातल्या अनेक गाड्यांचे निदानाचे सॉफ्टवेअर लिहिणारे अभियंते हिंजवडीत बसतात. तिथून काही किलोमीटरवरच्या गॅरेजवाल्याला मात्र ते वापरता येत नाही.

विम्यात हा खर्च कुठे येतो?

पुराच्या गाडीत. चिपळूणमध्ये जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचा अनुभव अनेकांच्या लक्षात असेल. पाणी सीटच्या वर गेले की युनिट आणि त्यांचे कनेक्टर भिजतात, काही आठवड्यांत पिना हिरव्या पडतात. सर्व्हिस सेंटर प्रत्येक संशयित युनिट बदलण्याचे अंदाजपत्रक देते. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' ठरते. समजा आयडीव्ही ४ लाख आहे, तर ३ लाखांच्या वर अंदाजपत्रक गेले की गाडी भंगाराच्या वाटेला. युनिट वेळेत उघडून साफ करून, वाळवून वाचवता आले असते का, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नसतो.

गाडीमालकाने काय पाहावे?

सगळ्यात आधी, 'ईसीएम गेला' हे वाक्य लगेच मान्य करू नये. 'यू' अक्षराने सुरू होणारा फॉल्ट कोड आला, तर त्याचा अर्थ ते युनिट उत्तर देत नाही एवढाच. त्याचा फ्यूज उडालेला असू शकतो, रिले चिकटलेला असू शकतो, अर्थिंग गंजलेले असू शकते. आपल्या पार्किंगमध्ये तर बहुधा उंदराने वायर कुरतडलेली असते. युनिटला वीज आणि अर्थिंग पोहोचते का हे मल्टिमीटरने तपासले का, असे थेट विचारावे. स्कॅनरच्या अहवालाची प्रत आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा. जुन्या युनिटची मेमरी शाबूत असेल तर तीच पुढे उपयोगी पडते. बिलात प्रोग्रॅमिंग, कोडिंग आणि शिकवण्याचे काम वेगवेगळे लिहायला सांगावे.

जुनी गाडी घेताना एक तपासणी अगदी स्वस्तात होते. ओबीडी सॉकेटमध्ये बसणारे साधे ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइलवरील ॲप यांच्या मदतीने इंजिनच्या ईसीएममध्ये साठवलेला चॅसिस क्रमांक बहुतेक नव्या गाड्यांत वाचता येतो. तो आरसी बुकावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. जुळला नाही तर ईसीएम दुसऱ्या गाडीचा आहे. त्यात दरवेळी काळेबेरे असतेच असे नाही, कुर्ल्याहून आणलेला आणि नीट बसवलेला भागही असू शकतो. तसे असेल तर विकणाऱ्याकडे त्याचे बिल आणि काम करणाऱ्याचा फोन नंबर असायला हवा.